घड्याळाच्या साक्षीनं

पैज लागली तेव्हा पंच कुणाला नेमायचं यावर तासभर वाद झाला आणि शेवटी ते काम घड्याळाकडे गेलं. सगळ्यांचा विश्वास बसेल असं माणूस या घराण्यात तीन पिढ्यांत जन्मलं नव्हतं.

घड्याळ नानांचं. वीजकेंद्रात तीन नंबरचं जनित्र पहिल्यांदा फिरलं त्या दिवशी पाळीवरच्या सगळ्यांना असं एकेक घड्याळ मिळालं होतं. बाकीच्यांची केव्हाच भंगारात गेली, नानांचं भिंतीवर राहिलं. त्याला किल्ली नाही, सेल नाही. पिन भिंतीत खुपसली की ते विजेच्या ठेक्यावर चालतं. वीज सेकंदाला पन्नास ठेके देते, घड्याळ ते मोजतं, आणि काटे पुढे सरकतात. वीज क्षणभर जरी गेली तरी ते थांबतं, आणि वीज परत आली म्हणून आपण होऊन सुरू होत नाही. मागची बारीक चकती बोटानं फिरवून त्याला उठवावं लागतं. नाना म्हणायचे की हे घड्याळ खोटं बोलू शकत नाही, एक तर चालतं नाहीतर मेलेलं असतं. माणसांच्या बाबतीत त्यांना अशी सोय कधी मिळाली नव्हती.

नाना रोज सकाळी सातला रेडिओच्या टोल्यांशी ते ताडून बघत आणि लेकीला फोन करत. ताई मोठ्या कंट्रोल रूममध्ये बसून अख्ख्या विभागाची वीज सांभाळायची. कुठल्या केंद्रानं किती द्यायची, कुठल्या गावानं किती ओढली, याचा मेळ घालायचा आणि तो पन्नासचा ठेका हलू द्यायचा नाही, हे तिचं काम. अकरा वर्षं तिचा दिवस वडिलांच्या एका वाक्यानं सुरू होत आला होता. "आज चार सेकंद मागे आहात." कधी सात सेकंद, कधी नऊ. एकदा घड्याळ बरोबर निघालं तेव्हा नानांनी फोन केलाच नाही, आणि ताईनं काळजीनं शेजाऱ्यांना त्यांच्याकडे पाठवलं.

आता प्रश्न होता नानांनी राहायचं कुठे. कोळशाचं ते केंद्र गेल्या वर्षी बंद झालं होतं. कॉलनीतली घरं एकेक करून रिकामी होत होती, आणि नाना क्वार्टरच्या जिन्यावरून घसरल्यावर अर्धा तास तिथेच बसून होते, कारण हाक ऐकायला शेजारी कुणी उरलं नव्हतं. त्यानंतर धाकट्यानं आपल्या नव्या घरात तळमजल्यावर त्यांच्यासाठी खोली तयार केली. पण धाकटा सोलारवाला. घराच्या छतावर पॅनेल, जिन्याखाली बॅटरीची पेटी. ढग आला की मान टाकणाऱ्या घरात मी जाणार नाही, असं नानांनी सांगून टाकलं. ते चाळीस वर्षं टर्बाइनवर होते. त्यांच्या मते वीज म्हणजे फिरणारं, तापणारं, दोनशे टनांचं काहीतरी. छतावर उताणी पडून ऊन खाणारी काच म्हणजे वीज नव्हे.

म्हणून पैज. नानांच्या ऐंशीव्या वाढदिवशी सकाळी दहाला घराची बाहेरची लाइन तोडायची आणि दुपारी चारपर्यंत घर एकट्याच्या बळावर चालवायचं. घड्याळ थांबलं नाही तर नाना मुक्कामाला येणार. थांबलं तर नाना कॉलनीत परत, आणि या विषयावर पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही.

नानांनी दोन अटी घातल्या. सगळ्यांचे फोन कपाटात कुलपात ठेवायचे, कारण धाकटा फोनवरून बॅटरीशी चाळे करतो. आणि धाकट्यानं दिवसभर कुणालाही अमुक बंद करा, तमुक बंद करा म्हणायचं नाही.

"पाहुण्याला तेवढं बंद करा म्हणावं लागतं ते घर नव्हे," नाना म्हणाले. "तो धर्मशाळेतला मुक्काम झाला."

धाकटा हो म्हणाला. हात दाखवून अवलक्षण करून घेण्यात त्याचा हातखंडा होता, हे त्याच्या लग्नाच्या वेळेपासून सगळ्यांना माहीत आहे.

दहाला पाच मिनिटं असताना सगळे दिवाणखान्यात जमले. घड्याळ टीव्हीच्या वर टांगलेलं. थोरला मुलगा नानांच्या खुर्चीमागे उभा होता. तो पवनचक्क्यांच्या कंपनीत काम करतो आणि वारा येईल तशी पाठ फिरवणं त्यानं तिथे शिकलेलं नाही, ते त्याच्यात आधीपासूनच होतं. सकाळी तो नानांच्या बाजूनं होता. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे वडील त्याच्याकडे जाऊ शकत नव्हते. मग ते धाकट्याकडेही जाऊ नयेत, असं त्याला वाटलं तर त्यात नवल नाही.

धाकट्यानं खटका पाडला. पंखा फिरत राहिला. सेकंदकाटा सरकत राहिला. नाना उठले, स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजला तळहात लावून उभे राहिले. सून, म्हणजे धाकट्याची बायको, तिथेच केकचं सामान मांडत होती. सासऱ्यांनी फ्रिजची नाडी का बघावी हे तिनं विचारलं नाही. ती दातांची डॉक्टर होती आणि लोकांना न बोलता बसू देण्याची तिला सवय होती.

पहिले दोन तास धाकट्याचे होते. आभाळ स्वच्छ, छत तापलेलं, अकरालाच बॅटरी भरली. तो हात मागे बांधून घरभर फिरला. वॉशिंग मशीन लावा म्हणाला, एसी लावा म्हणाला. बाराच्या सुमारास पोट भरून जेवलेला थोरला म्हणाला की खरं सांगायचं तर भविष्य सोलारचंच आहे. तो धाकट्याच्या शेजारी जाऊन बसला.

नाना मात्र मान वाकडी करून पंख्याकडे बघत होते.

"सूर चढा आहे," ते म्हणाले.

धाकट्यानं समजावलं की ते मुद्दाम आहे. बॅटरी भरली की जिन्याखालची पेटी ठेका जरासा वाढवते. पन्नासच्या जागी एक्कावन्न, साडेएक्कावन्न. छतावरच्या यंत्रांनी ते ओळखायचं आणि आपापला हात आखडायचा. पोट भरलं की माणूस ताटावर हात धरतो, तसं. त्याशिवाय एवढी वीज जाणार कुठे.

"हं," नाना म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं. धाकट्यानं बघितलं नाही. तो त्या वेळी आपण दिलेल्या उदाहरणावर खूश होता.

ताईला दोन्हीकडचे लोक आपलं समजत होते, आणि ती कुणाचीच नव्हती. तिला फक्त नाना त्या रिकाम्या कॉलनीत नको होते. दुपारी तिनं त्यांना मागच्या व्हरांड्यात गाठलं. एक गोष्ट तिच्या पोटात चार दिवसांपासून होती.

तिनं सांगितलं की तीन नंबर मोडीत निघणार नाही. बॉयलर जातील, धुराडं जाईल, टर्बाइनही सुटं करतील. जनित्र मात्र तिथेच राहील आणि फिरत राहील.

"वाफेशिवाय?"

"ग्रिडच्याच विजेवर. ते वीज करणार नाही नाना, नुसतं फिरणार."

नानांना हे अजिबात पटलं नाही. ज्यानं आयुष्यभर घर चालवलं त्याला नुसतं फिरायला लावायचं, ही कसली रीत. ताईनं त्यांना तिच्या कंट्रोल रूमचं दुखणं सांगितलं. पूर्वी एखादं केंद्र अचानक बंद पडलं तर बाकीची दोनशे-दोनशे टनांची चाकं आपल्याच वजनानं फिरत राहायची आणि ठेका हळूहळू उतरायचा. तेवढ्या दहा-वीस सेकंदांत माणसाला काहीतरी करता यायचं. काचेला आणि बॅटरीला असं वजन नसतं. ऊन गेलं की गेलं. आता ते सेकंद विकत आणावे लागतात. थोडे बॅटऱ्यांकडून, थोडे कारखान्यांना भार उतरवा म्हणून फोन करून, आणि थोडे तीन नंबरसारख्या जुन्या धुडांकडून.

"आम्ही अख्ख्या विभागात अशी पाच शोधली," ती म्हणाली. "तीन नंबर सगळ्यांत जड निघालं."

नानांनी विचारलं की बेअरिंगला तेल कोण घालणार. ताई म्हणाली, तरुण पोरं आहेत. त्यावर नानांनी त्या पोरांबद्दल जे मत दिलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. पण त्यांचा चेहरा उजळला होता, आणि तो तसा दिसू नये म्हणून ते डुलकी काढायला आत गेले.

आत्याचं काय चाललं होतं ते आता सांगायला हवं.

आत्या नानांची धाकटी बहीण. कॉलनीच्याच दुसऱ्या टोकाच्या क्वार्टरमध्ये राहणारी, नवरा गेल्यापासून एकटी. नाना न्हाव्याकडे जात नाहीत. तरुणपणी एका सुटीच्या दिवशी ते केस कापायला गेले होते. मानेभोवती कापड, डोक्याला साबण, आणि तेवढ्यात केंद्र बंद पडलं. अर्धा मुलूख नऊ तास अंधारात गेला. नाना अर्धं डोकं भादरलेलं घेऊन धावले, पण तोवर सगळं पडलं होतं. चूक त्यांची नव्हती, ते पाळीवरही नव्हते. पण त्या दिवसापासून त्यांनी न्हाव्याच्या खुर्चीत पाय ठेवला नाही. महिन्यातून एकदा आत्या कात्री घेऊन यायची आणि फाटक उघडं ठेवून, केंद्राच्या धुराड्याकडे तोंड करून बसलेल्या भावाचे केस कापायची. नवरा गेल्यानंतरही त्या कामात एक महिना चुकला नाही.

मागच्या आठवड्यात सून सहज बोलून गेली होती की नव्या घराच्या कोपऱ्यावर चांगलं सलून आहे. बाकी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. आत्याला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून तिनं ठरवलं होतं की हे घर आज पाडायचं. तिला वॉट आणि व्होल्ट कळत नव्हते, पण विजेच्या अभियंत्यांच्या घराण्यात सत्तर वर्षं काढल्यावर एवढं कळत होतं की गीझर वाईट असतो. तीनच्या सुमारास ती आधी खालच्या न्हाणीघरात गेली. खालचा गीझर चालू केला. मग हात धुऊन आल्यासारखं करून वरचा चालू केला. वर तिला केस वाळवायचं यंत्र सापडलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांपैकी ती नव्हती, ती सरळ बिछान्यावर बसली आणि कोरडेठाक केस वाळवायला लागली. गरम वारा कानाशी घोंघावत होता आणि आत्याला रडू येत होतं. भावाचं भलं कशात आहे हे तिला कळत होतं. तरीही तिनं यंत्राचा वेग वाढवला.

नेमका त्याच वेळी ढग आला.

तो साधा ढग नव्हता. एका कोपऱ्यातून आला आणि चादर ओढावी तसा सगळ्या आभाळावर पसरला. छताची वीज दहा श्वासांत पाचव्या हिश्श्यावर आली. त्यानंतर जो काय भार होता तो जिन्याखालच्या पेटीवर, आणि पेटीला पाच हजार वॉटच्या वर झेपत नव्हतं. त्या क्षणी सुनेचा केक ओव्हनमध्ये होता. फोटोसाठी शर्ट चुरगळलेला नको म्हणून थोरला इस्त्री करत होता. टाकी रिकामी झाल्यामुळे पाण्याचा पंप आपोआप सुरू झाला होता. यांतल्या कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. दोन गीझर आणि एका आत्याच्या मनात होतं.

पेटी ओरडायला लागली. कर्कश, एकसारखी. धाकटा जिन्याखाली धावला आणि त्यानं आकडा बघितला. नऊ हजारांच्या जवळ. एवढा भार पेटी तीस सेकंद सोसते, मग स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. कुठल्या खोलीत काय चालू आहे हे त्याला अंदाजानं कळत होतं. तोंड उघडायची परवानगी नव्हती. त्यानं ताईकडे बघितलं. ताई घड्याळाखाली उभी राहून ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती. थोरल्यानं खोलीतूनच ओरडून सांगितलं की मी सकाळपासून सांगत होतो, ऊन म्हणजे काही भरवशाची गोष्ट नव्हे. आणि तो इस्त्री करत राहिला.

पेटी ओरडायच्या आधीच नाना जागे झाले होते. पंख्याचा सूर उतरला तसे त्यांचे डोळे उघडले. ऐंशी वर्षांचा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस खुर्चीतून उठला आणि धावला. होय, धावला. ताईनं नंतर शपथेवर सांगितलं की तिचे आकडे त्या वेळी सहावर होते.

"इस्त्री खाली," नाना म्हणाले, आणि थोरल्याच्या इस्त्रीची पिन उपटली. थोरला वाफाळलेली बाही धरून तसाच उभा राहिला. नाना न्हाणीघराशी पोचले, गीझरचा लाल दिवा दिसला. तो पाडला. दहा. "पंप." पंपाचा खटका मागच्या दाराशी, तो सुनेनं हात लांबवून पाडला. चौदा. तरी पेटी ओरडत होती. नानांनी मान वर केली आणि कान टवकारले. वरून घोंघावण्याचा आवाज येत होता. डॉक्टरांनी ज्या माणसाला जिना वर्ज्य केला होता तो माणूस जिना चढला. एकवीस, बावीस. दार उघडलं. आत्या कोरडे केस वाळवत बसली होती.

नानांनी यंत्राची पिन ओढली आणि शेजारच्या न्हाणीघरातला गीझर बंद केला. अठ्ठावीस.

खाली पेटी गप्प झाली. पंखा परत आपल्या सुरावर आला. सेकंदकाटा सरकत होता. घरात एकदम इतकी शांतता पसरली की केक फुगल्याचा आवाज आला असता.

सगळे जिन्यावर गोळा झाले होते. नाना दारात, एका हातात पिन, धापा टाकत. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली.

"नाना, अरे पडू द्यायचं होतं ना तुला," ती म्हणाली. "तूच जिंकला असतास."

नानांनी हातातल्या पिनेकडे बघितलं. मग खाली जमलेल्या मुलांकडे. आपण काय केलं हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांचा चेहरा कपाटातला खाऊ खाताना सापडलेल्या मुलासारखा झाला.

"मी घरात असताना पडू कसं देणार?" ते म्हणाले.

थोरल्यानं लगेच कायदा काढला. अट मोडली, बंद करा म्हणायचं नव्हतं, पैज रद्द. सुनेनं शांतपणे सांगितलं की अट धाकट्यासाठी होती. नानांनी नानांना काही मनाई केली नव्हती. थोरल्याला ते ताबडतोब पटलं आणि त्यानं धाकट्याच्या पाठीवर थाप मारली.

सून मग आत्यापाशी जाऊन बसली. चोराच्या मनात चांदणं, तसं आत्यानं आधीच तोंड फिरवलं होतं. सून गीझरबद्दल काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आत्या, खालच्या न्हाणीघरात गेलात तेव्हा खोलीतून गेलात ना? नीट पाहिली नाहीत का? दोन पलंग आहेत."

"एक नर्ससाठी असेल."

"नर्सला जांभळी गोधडी कशाला घालू मी? तुम्हाला आवडते म्हणून आणली."

आत्याला विश्वास ठेवायचा होता, पण या घराण्यात तो लगेच ठेवायची पद्धत नव्हती.

नंतरच्या पाऊण तासाची हकिकत ही की नानांनी घराचा ताबा घेतला. त्यांनी स्टूल ओढून मीटरच्या फळीशेजारी मांडलं, थोरल्याच्या इस्त्रीच्या शर्टातलं पेन घेतलं आणि पुठ्ठ्यावर पाळ्या लिहिल्या. आधी केक. तो थांबवता येत नाही. केकबरोबर पंप. इस्त्री केक झाल्यावर. वरचा गीझर आज नाही. ज्याला काही लावायचं त्यानं आधी येऊन विचारायचं. थोरला फोटोसाठी अर्ध्या इस्त्रीच्या शर्टात तयार झाला, डावी बाही कडक आणि उजवी चुरगळलेली. धाकटा जिन्याखालून आकडे ओरडून सांगत होता आणि नाना ते पुठ्ठ्यावर टिपत होते. बापलेक एवढे बोलले ते धाकट्याच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

ताई दोघांना बघत होती. तिच्या कंट्रोल रूममध्ये हेच काम चाळीस माणसं आणि एक भिंतभर पडदा करतो. इथे ऐंशी वर्षांचा म्हातारा आणि बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा होता. तिला हसू आलं आणि मग का कोण जाणे, डोळे पुसावे लागले.

घड्याळात चार वाजले.

धाकट्यानं दोन्ही हात वर केले. थोरल्यानं त्याला मिठी मारली आणि मी आधीपासूनच तुझ्या बाजूनं होतो असं सांगितलं. ताई फोनच्या कपाटाकडे निघाली.

"थांबा," नाना स्टुलावरून म्हणाले. "चार वाजलेले नाहीत."

सगळे थांबले.

"अकरापासून ढग येईपर्यंत सूर चढा होता. ठेका जलद, तर घड्याळही जलद. पुढे गेलंय ते." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "सहा मिनिटं."

धाकट्यानं कपाळावर हात मारला. त्याच्याच पेटीनं ठेका वाढवला होता आणि घड्याळ ते इमानदारीनं मोजत बसलं होतं. ताईनं घड्याळाकडे बघितलं. अकरा वर्षं ती या घड्याळाचे सेकंद ऐकत आली होती, आणि आज त्याच्या खाली उभी असताना तिला ते सुचलं नव्हतं. कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते नानांना आठवेना, आणि खरी वेळ सांगायला भिंतीवर दुसरं घड्याळ नव्हतं.

सून ओव्हनचं दार किंचित उघडून बघत होती. तिनं मनगट वळवलं.

"तीन चोपन्न," ती म्हणाली. "केकला अजून सहा मिनिटं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. धाकट्यानं बायकोला विचारलं की हे घड्याळ तू दिवसभर घातलं होतंस का. ती हो म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

म्हणजे पैज अजून चालू होती, आणि नाना अजून जिंकू शकत होते. हे एकदम सगळ्यांना कळलं. नानांनी पुठ्ठ्यावर नजर टाकली आणि मोठ्यानं वाचलं, सवय म्हणून. साडेतीन हजार चालू. ऊन नाही. शिल्लक दीड हजार.

आत्या स्वयंपाकघरात उभी होती. समोर ओट्यावर विजेची केटली होती, तिच्या बुडावर दोन हजार लिहिलेलं. शेजारी गॅसची एकच शेगडी, जी धाकट्याला घरात नको होती आणि सुनेनं हट्टानं ठेवून घेतली होती. आत्यानं केटलीत पाणी भरलं. पिन हातात घेतली. धाकट्याला बोलायची परवानगी नव्हती, आणि बाकीच्यांना धाडस झालं नाही.

"नाना, चहा ठेवते," आत्या म्हणाली. "केटलीत ठेवू का गॅसवर? तू सांगशील तसं."

नानांनी घड्याळाकडे बघितलं. मग खोलीच्या उघड्या दाराकडे, जिथून जांभळ्या गोधडीचा एक कोपरा दिसत होता. मग बहिणीकडे.

"गॅसवर," ते म्हणाले. "आणि येताना कात्री आणली आहेस का? केस वाढलेत."

आत्यानं केटलीची पिन ओट्यावर ठेवली आणि ती काड्यापेटी शोधायला लागली.